शिवेवरची बेचाळीस पावले

बोरदऱ्याहून तांबेवाडीकडे निघालेली एसटीची चाचणी गाडी बुधवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी दोन गावांच्या शिवेवर थांबली. पुढे रस्ता नव्हता. बेचाळीस पावले कच्ची जमीन होती आणि तिच्या पलीकडे पुन्हा डांबरी रस्ता सुरू होत होता. गाडीत एकोणीस माणसे होती. त्यांत मी एक होते.

पाथर्डी तालुक्याच्या या कोपऱ्यात मी आले होते ते याच्या अगदी उलट गोष्ट बघायला.

आदल्या दिवशी, मंगळवारी सकाळी, मी अहिल्यानगरहून निघाले. नाव बदलले असले तरी कंडक्टर 'नगर' म्हणूनच तिकीट फाडतो. करंजी घाट चढून गाडी वर आली की झाडे कमी होतात आणि दगड वाढतात. पाथर्डीच्या स्थानकावर उसतोडीला निघालेल्या माणसांची बोचकी ओळीने लावलेली होती. दिवाळी नुकतीच झाली होती. या दिवसांत तालुक्यातली गावे निम्मी रिकामी होतात.

मला जायचे होते बोरदऱ्याला. या गावाने आणि शेजारच्या तांबेवाडीने मिळून एक ठराव केला होता. दोन्ही गावे आजवर रस्त्याची शेवटची टोके होती. पाथर्डीकडून येणारी एसटी बोरदऱ्याला येऊन परत फिरायची. हमरस्त्याकडून येणारी तांबेवाडीला येऊन परत फिरायची. दोन्ही गाड्या अर्ध्या रिकाम्या धावायच्या, म्हणून दोन्ही बंद झाल्या. तेव्हा दोन्ही ग्रामपंचायतींनी ठरवले की आपापल्या हद्दीतला रस्ता पुरा करून दोन टोके जोडायची, म्हणजे एकच गाडी पाथर्डीहून दोन्ही गावांतून थेट हमरस्त्याला निघेल. त्याचबरोबर रस्त्याकडेला कुठे काय बांधायचे आणि कुठे काहीच बांधायचे नाही, याचा दोन्ही गावांचा मिळून एकच नकाशा करायचा. तळ्याच्या पाण्यावरून ही गावे कैक वर्षे एकमेकांच्या लग्नालाही जात नव्हती. म्हणून मला ती बातमी वाटली.

पाथर्डीहून पुढे जीप होती. जीप भरेपर्यंत निघत नाही आणि भरली की नाही हे चालक ठरवतो. माझ्या शेजारी दोघे भाऊ बसले होते. घोडेगावच्या बाजारातून त्यांनी बैलजोडी घेतली होती आणि ती टेम्पोने पुढे पाठवली होती.

"बैल चांगलेत का?" मी विचारले.

"एक चांगला हाय," थोरला म्हणाला. "दुसरा ह्यानं निवडला."

धाकट्याने खिडकीबाहेर बघितले.

जीपने मला फाट्यावर उतरवले. बोरदऱ्यापर्यंत येणार नाही म्हणून चालकाने सांगितले. "तिकडं परतीला मानूस मिळत न्हाई, ताई. निम्मं गाव फडावर चाललंय." (फड म्हणजे ऊस तोडायची जागा.) तिथून तासभर चालायचे होते. फाट्यावरच्या गिरणीतून बाजरीचे पीठ दळून घेऊन निघालेल्या एक बाई सोबतीला मिळाल्या. त्या मंदाबाई. वय पस्तिशीचे. डोक्यावर पिठाचा डबा आणि काखेत दुसरा. मी एक मागितला, तर त्यांनी हलका दिला.

"पायी रोज चालता?"

"आज पायी. उद्या दहाला गाडी हाय की. तपासनीची. ती पार गेली म्हंजी सोमवारपास्नं रोजची."

मंदाबाईंचे सगळे या गाडीवर अडले होते, हे मला त्या वाटेवरच कळले. त्या आणि त्यांचे पती दशरथ दरवर्षी उसाला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. या वर्षी तांबेवाडीच्या शाळेतल्या हंगामी वसतिगृहात (उसतोडीला गेलेल्यांची मुले जिथे राहतात) त्यांना स्वयंपाकाचे काम मिळाले होते. वसतिगृह सोमवारी उघडणार होते. काम सकाळी साडेसातला सुरू. मुक्काम करणे शक्य नव्हते, कारण घरी सासूबाई होत्या आणि सासूबाईंना दिसत नव्हते. गेल्या हंगामात त्या घरी एकट्या असताना पडल्या आणि शेजारच्यांना ते दुसऱ्या दिवशी कळले.

"गाडी सुरू झाली तर मी ऱ्हाते," मंदाबाई म्हणाल्या. "न्हाई तर उद्याच मुकादमाच्या ट्रॅक्टरात बसते. चार वाजता निगनार हाय."

"आणि सासूबाई?"

त्यांनी काखेतला डबा दुसऱ्या बाजूला घेतला.

बोरदऱ्याचे सरपंच भिकाआप्पा यांनी मला आधी शाळेत नेले. नकाशा तिथे होता. कागदावर नव्हे, मोठ्या वर्गाच्या फरशीवर, ऑईलपेंटने काढलेला. चपला बाहेर काढून आत यायचे होते. दोन्ही गावांची माणसे आठवडाभर रोज या फरशीवर बसली होती आणि ज्याचे शेत जिथे, तो तिथे बसला होता. लाल रेघ रस्त्याची. तिच्या दोन्ही बाजूंना पिवळा पट्टा. पिवळ्यात घर नाही, दुकान नाही, कांदाचाळ नाही. दुकाने, आठवडी बाजार आणि गाडीचा थांबा, सगळे एका ठिकाणी, दोन गावांच्या मधोमध शिवेजवळच्या गायरानात, म्हणजे कोणत्याच गावाला दूर पडणार नाही.

"पिवळ्यात आधीच काही बांधलेले होते का?" मी विचारले.

"दोन गाळे हुते. नवे. शटर बसवायचं ऱ्हायल्तं."

"कोणाचे?"

"माजे."

"मग?"

"पाडले."

"कोणी सांगितले?"

"कोन सांगनार? रेघ तिथनं गेली." भिकाआप्पांनी अंगठ्याने फरशीवरची जागा दाखवली. मी विचारले, पाडताना काय वाटले. "आवाज लई झाला," ते म्हणाले.

सरकारी नोटीस आल्याशिवाय स्वतःचे नवे बांधकाम पाडलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. मी गाळ्यांची जागा जाऊन बघितली. विटा आणि काँक्रीटचे तुकडे रस्त्याच्या कडेला ढीग करून ठेवलेले होते. बातमी मिळाली होती. मी समाधानाने वही मिटली.

एक गोष्ट वहीत लिहिली, पण विचारली नाही. फरशीवर लाल रेघ सलग होती. तिच्या मध्यावर, शिवेपाशी, पांढरा ठिपका होता आणि त्यावर कोणीतरी हळदकुंकू वाहिलेले होते. ते विचारायला हवे होते.

मंदाबाईंकडे संध्याकाळी शेंगोळे केले होते. (हुलग्याच्या पिठाची बोटाएवढी वळकटी करून लसणाच्या तिखट पाण्यात शिजवतात.) सासूबाईंनी माझा हात चाचपून "शहरातली हाय" असे जाहीर केले. भिंतीला दोन गाठोडी टेकवून ठेवलेली होती. एक दशरथांच्या एकट्याचे. दुसरे दोघांचे. उद्या कोणते उचलायचे ते गाडी ठरवणार होती. तवा मात्र एकच होता आणि तो अजून चुलीवर होता.

"एकट्याला अर्धा कोयता म्हनत्यात," दशरथ म्हणाले. "मुकादम खूस न्हाई. म्हनतो, अर्धा मानूस घिऊन मी काय करू?"

"भाकरी तर पुरी खातोस," सासूबाई म्हणाल्या.

बुधवारी दहा वाजता गाडी बोरदऱ्याच्या चौकातून निघाली. पुढे चालक आणि वाहक, त्यांच्यामागे आगारातून आलेले निरीक्षक, मांडीवर फाईल. भिकाआप्पा, पंच, काही बायका. मंदाबाई मोबाईलवर वेळ बघत खिडकीशी बसल्या होत्या. तांबेवाडीला किती मिनिटे लागतात ते त्यांना पाहायचे होते. रस्ता नवा, काळा आणि सपाट होता. वीस मिनिटांनी गाडी थांबली.

मी उतरले. डांबर सुरीने कापल्यासारखे सरळ रेषेत संपले होते. पुढे काळी जमीन, बैलगाडीच्या चाकोऱ्या गुडघाभर खोल. एका बाजूला लिंबाचे झाड आणि त्याखाली शेंदूर लावलेला दगड. तो शिवेवरचा म्हसोबा, फरशीवरचा पांढरा ठिपका. पलीकडे, जिथे तांबेवाडीचे डांबर तितक्याच सरळ रेषेत सुरू होत होते, तिथे तांबेवाडीची माणसे हार आणि ताशा घेऊन उभी होती. ताशा वाजत नव्हता. त्यांच्या पुढे तांबेवाडीच्या सरपंच लताबाई होत्या.

"इमान असतं तर उडवून नेलं असतं," चालक म्हणाला आणि इंजिन बंद केले.

निरीक्षकांनी फाईल उघडली. तीत दोन दाखले होते. बोरदऱ्याचा रस्ता शिवेपर्यंत पूर्ण. तांबेवाडीचा रस्ता शिवेपर्यंत पूर्ण. दोन्हींवर सही आणि शिक्का. मी दोन्ही दाखले वाचले. दोन्ही खरे होते.

"मधलं कुणाचं?" निरीक्षकांनी विचारले.

"मदलं शिवेचं," भिकाआप्पा म्हणाले.

"म्हणजे कुणाचं?"

"शिवेचं."

माझ्या वहीत इथे काही ओळी कोऱ्या आहेत. आठवडाभर एका नकाशावर बसलेल्या आणि आपले नवे गाळे पाडलेल्या माणसांनी बेचाळीस पावले रस्ता सोडून दिला होता आणि त्यांतल्या कोणालाही ती चूक वाटत नव्हती. दोन्ही बाजूंना ती जागा रोज दिसत होती. मी एकेकाला विचारत गेले, तेव्हा उलगडा झाला.

शिवेला एकट्या गावाने कुदळ लावायची नाही, अशी इथली रीत आहे. ज्याला शिवेवर काम करायचे त्याने आधी दुसऱ्या गावाला नारळ द्यायचा. दुसऱ्या गावाने तो घेतला की दोन्ही गावांनी मिळून खणायचे. बोरदऱ्याचे म्हणणे, थांब्यासाठी गायरान आम्ही सोडले, तेव्हा नारळ तांबेवाडीने आणावा. तांबेवाडीचे म्हणणे, रस्त्याचा लांब तुकडा आम्ही केला, तेव्हा नारळ बोरदऱ्याने आणावा. दोन्ही गावे शेवटच्या दिवसापर्यंत वाट बघत राहिली. मागणे कमीपणाचे, म्हणून कोणी विषयही काढला नाही.

"मग आत्ता द्या," निरीक्षक म्हणाले.

भिकाआप्पांच्या पिशवीत नारळ होता. गाडीच्या स्वागतासाठी आणलेला. लताबाईंच्या हातातल्या ताटातही नारळ होता. त्याच कामासाठी. बेचाळीस पावलांच्या दोन बाजूंना दोन नारळ होते.

"एक नारळ द्यायला काय हरकत आहे?" मी भिकाआप्पांना हळूच विचारले.

"ताई, ज्यानं नारळ दिला त्यानं शीव दुसऱ्याची मानली, असा त्याचा अर्थ हुतो. उद्या मोजनी आली तर त्यो नारळ पुरावा म्हनून काढत्यात. थांबा शिवेला हाय. दुकानं शिवेला हायेत. माज्या गाळ्याचं माजं मी बघितलं. गावाची शीव मी कशी दिऊ?"

लताबाई पलीकडून ऐकत होत्या. "आमीबी गावाला तेच सांगनार, आप्पा," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता.

निरीक्षक माझ्याकडे वळले. ते रागावलेले नव्हते. "तीन वाजता मला निघावं लागेल. आज अहवाल द्यायचा आहे. गाडी जाते की नाही एवढंच मी लिहितो. का जात नाही, असा रकाना नाही." गाडी जात नाही असे लिहिले गेले, तर ही गाडी दुसऱ्या मार्गाला लागणार होती. पुढचा विचार पुढच्या वेळापत्रकात.

तासभर गेला. दोन्हीकडची माणसे लिंबाच्या सावलीच्या आपापल्या अर्ध्यात बसली. तेवढ्यात बोरदऱ्याकडून मुकादमाचा ट्रॅक्टर रिकामी ट्रॉली घेऊन आला. मुकादम खाली उतरला, डांबराची कड बघितली आणि मंदाबाईंना म्हणाला, "चला वैनी. गाठोडं बांधा. देवाच्याच मनात न्हाई."

मंदाबाई तोवर गाडीतच बसून होत्या. त्या उतरल्या. भिकाआप्पांसमोर जाऊन त्यांनी पदर पसरला.

"आप्पा, नारळ वटीत टाका."

"काय?"

"सुनंची वटी भरा. तुमी गावाला देऊ नका. मला द्या."

भिकाआप्पांनी पिशवीत हात घातला. मग त्यांनी नारळ पदरात टाकला. मंदाबाई तशाच, पदर धरून, चाकोऱ्या ओलांडत पलीकडे गेल्या. तांबेवाडी हे त्यांचे माहेर, हे मला तेव्हा कळले. तळ्याच्या भांडणाच्या आधी झालेले लग्न.

"लताकाकू, माहेरची वटी ऱ्हायलीया. लई वर्सं."

लताबाईंनी ताटातला नारळ उचलला, कुंकवाचे बोट लावले आणि पदरात टाकला. "सासरचा पयला घेतलास व्हय?"

"त्यांचं घर आदी लागलं."

हसू आले ते पहिल्यांदा ताशावाल्यांना. मंदाबाईंनी दोन्ही नारळ म्हसोबापुढे फोडले. खोबऱ्याचे तुकडे दोन्हीकडे वाटले. ओटीतला नारळ बाईचा असतो, गावाचा नसतो. कोणत्याच गावाने दुसऱ्याला नारळ दिला नव्हता. यावर दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी पाच मिनिटे विचार केला आणि त्यांना त्यात खोट सापडली नाही. मग भिकाआप्पा आणि लताबाई यांनी एकाच कुदळीच्या दांड्याला हात लावून पहिला घाव घातला. बाराला दहा मिनिटे कमी होती.

पुढचे काम मी याआधी कुठे पाहिलेले नाही. भरावासाठी जवळ फक्त एकच ढीग होता, तो भिकाआप्पांच्या गाळ्यांचा. तो ट्रॉलीतून आणायचा ठरला. ट्रॉली मुकादमाची होती.

"माजीच ट्रॉली," मुकादम म्हणाला, "माजाच कोयता तोडायला." तरी त्याने किल्ली दिली.

विटांच्या पाच खेपा झाल्या. काँक्रीटचे मोठे तुकडे चाकोऱ्यांत खाली, विटा वर, त्यावर तांबेवाडीच्या विहिरीवरचा मुरूम. दोन्ही गावांच्या बायकांनी पाटीला पाटी लावली. ट्रॅक्टरने मागेपुढे करून दाबले. दुपारी जेवण तांबेवाडीहून आले. बाजरीची भाकरी, पिठले, शेंगदाण्याची चटणी. भिकाआप्पा आपल्या गाळ्यांच्या विटांवर उभे राहून जेवले. कैक वर्षांत त्यांनी तांबेवाडीचे अन्न खाल्ले नव्हते, हे त्यांनीच सांगितले. कसे लागले, असे मी विचारले.

"मीठ कमी हुतं," ते म्हणाले, आणि दुसरी भाकरी घेतली.

पावणेतीनला चालक पायी जाऊन भराव दाबून आला. दोन वाजून बावन्न मिनिटांनी रिकामी गाडी पलीकडे गेली. मागचे चाक एकदा खचले आणि वर आले. ताशा वाजला. सगळे चालत जाऊन पुन्हा गाडीत बसले.

तांबेवाडीच्या शाळेसमोर निरीक्षकांनी अहवाल लिहिला. मी तो वाचला. मार्ग योग्य. शिवेवरील तुकड्याची नोंद कोणत्याही ग्रामपंचायतीकडे नाही. गाडी सोमवारपासून सुरू करण्यास हरकत नाही, मात्र दोन्ही ग्रामपंचायतींनी त्या तुकड्याच्या देखभालीचा संयुक्त ठराव एका महिन्याच्या आत द्यावा. त्यांनी सही केली आणि गाडी हमरस्त्याकडे निघून गेली. मंदाबाईंनी मोबाईल बघितला. शिवेपासून शाळा नऊ मिनिटांवर होती.

साडेचारला मुकादमाचा ट्रॅक्टर त्याच नव्या रस्त्याने आला. कोल्हारकडच्या फडावर जायला आता हा रस्ता जवळचा पडत होता. ट्रॉलीत माणसे, गाठोडी, दोन शेळ्या. दशरथ कडेला बसले होते. ट्रॉली शाळेपाशी थांबली. त्यांनी वाकून तवा खाली धरला.

"ठिव. तुला लागंल."

"हितं लई मोठा हाय," मंदाबाई म्हणाल्या. "ने तू."

"घरी?"

"घरी बघीन काईतरी. तुज्या भाकऱ्या कोन भाजनार?"

"मीच."

"मंग ने. आन् पानी कमी घाल पिठात."

ट्रॉलीतले कोणीतरी म्हणाले, "अर्ध्या कोयत्याला पुरा तवा." ट्रॅक्टर निघाला. मंदाबाई तो वळणाआड जाईपर्यंत उभ्या होत्या. मग आम्ही दोघी शिवेवरून चालत बोरदऱ्याला परत आलो. गुरुवारी सकाळी मी त्याच वाटेने चालत फाट्यावर गेले, जीप भरेपर्यंत थांबले आणि दुपारी नगरला पोहोचले.

सोमवारी सकाळी सात वाजून सव्वीस मिनिटांनी मंदाबाईंचा फोन आला. मागे भांड्यांचा आवाज होता. गाडी सात वाजून पाच मिनिटांनी शिवेवरून गेली. चाक खचले नाही. गाडीत सात माणसे होती. सासूबाईंसाठी मंदाबाई भाकरी आणि कोरड्यास (कालवण) झाकून ठेवून आल्या होत्या. भाकरी शेजारच्या तव्यावर भाजली होती. दोन्ही ग्रामपंचायतींचा संयुक्त ठराव तोवर झालेला नव्हता.